तोलून बोललेली इंग्रजी : चित्रपटांतले संवाद आणि अभिजात गद्य

शब्दवेल्हाळ (धागाकर्ती)

इंग्रजी चित्रपटांतले काही संवाद आणि जुन्या कादंबऱ्यांतले काही परिच्छेद इतकी वर्षे माझ्या मनात घर करून आहेत, की त्यांच्याविषयी एकदा सविस्तर लिहावे आणि तुमच्याकडूनही ऐकावे, असे पुष्कळ दिवसांपासून वाटत होते. विचाराचे ओझे न डगमगता पेलणारी, नेटकी आणि ओघवती इंग्रजी कानावर पडली की मला जो आनंद होतो, त्याच्यासाठी हा धागा काढला आहे. आपल्याकडे 'फर्डे इंग्रजी' म्हटले की लांबलचक शब्द आणि झोकदार उच्चार डोळ्यांपुढे येतात. मला भावणाऱ्या इंग्रजीतले शब्द मात्र बहुधा शाळकरी मुलालाही ठाऊक असतील असे असतात. तिची ताकद वाक्याच्या बांधणीत असते: कोणता शब्द कुठे ठेवला आहे, कोणती गोष्ट शेवटपर्यंत राखून ठेवली आहे, आणि ते वाक्य तोंडातून काढताना बोलणाऱ्याला काय पणाला लावावे लागते आहे.

याचे सर्वोत्तम उदाहरण मला 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स'मध्ये सापडते. रॉबर्ट बोल्टने हा विषय आधी १९५४ साली बीबीसी रेडिओसाठी लिहिला, १९६० साली लंडनच्या रंगभूमीवर त्याचे नाटक आले आणि १९६६ साली फ्रेड झिनेमनने त्यावर चित्रपट काढला. राजा आठव्या हेन्रीच्या काळातला कायदेपंडित सर थॉमस मोर हा त्याचा नायक. लंडनच्या रंगमंचावर आणि पडद्यावर त्याची भूमिका पॉल स्कोफील्डनेच केली. मुळात हे लेखन फक्त कानांसाठी झाले होते, आणि त्यामुळेच असेल कदाचित, चित्रपट होऊनही त्यातले संवाद दृश्यांच्या आधाराने उभे राहत नाहीत. डोळे मिटून ऐकले तरी ते पूर्ण असतात.

प्रसंग असा आहे. राजा आठव्या हेन्रीला पहिल्या राणीपासून मोकळे होऊन दुसरे लग्न करायचे आहे. मोरला ते मान्य नाही, पण तो तसे उघड म्हणत नाही, कारण म्हटले तर जिवाशी गाठ आहे. अशा दिवसांत रिचर्ड रिच नावाचा एक महत्त्वाकांक्षी तरुण मोरच्या घरी येऊन नोकरीसाठी गयावया करतो आणि नकार मिळताच निघून जातो. तो आता थेट शत्रूच्या गोटात जाणार हे घरातल्या सगळ्यांना दिसत असते. पत्नी, मुलगी आणि मुलीशी लग्न करू पाहणारा रोपर, तिघेही मोरला सांगतात की याला अटक करा. मुलगी म्हणते, हा माणूस वाईट आहे. मोर म्हणतो, त्याविरुद्ध कायदा नाही. रोपर म्हणतो, आहे, देवाचा कायदा आहे. मोर म्हणतो, मग देवाने त्याला अटक करावी.

इथपर्यंत सगळी वाक्ये आखूड आहेत आणि एकावर एक आदळत जातात. मग रोपर संतापून विचारतो, की सैतानालासुद्धा तुम्ही कायद्याचे संरक्षण देणार काय? मोर 'हो' म्हणतो आणि उलट विचारतो, की सैतानाला गाठण्यासाठी तू कायद्यातून मोठा रस्ता तोडत नेशील काय? त्यासाठी इंग्लंडातला प्रत्येक कायदा तोडून टाकीन, असे रोपर बजावतो. आता मोरचे वाक्य उलगडू लागते. शेवटचा कायदा आडवा झाला आणि सैतान वळून तुझ्या अंगावर आला, तर तू लपशील कुठे, रोपर, सगळे कायदे तर भुईसपाट झालेले असतील? हा देश या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत कायद्यांनी दाट लावलेला आहे, माणसांच्या कायद्यांनी, देवाच्या नव्हे. आणि ते तू तोडलेस तर मग जे वारे सुटतील, त्यांत तुला ताठ उभे राहता येईल असे खरेच वाटते?

या संवादात 'झाड' हा शब्द नाही, 'जंगल' हाही नाही. तोडणे आहे, दाट लावणे आहे, आडवे होणे आहे आणि शेवटी वारा आहे. रोपरने रागाच्या भरात उचललेली कुऱ्हाड मोर त्याच्याच हातात ठेवतो आणि तोडून मोकळ्या झालेल्या माळावर त्याला एकट्याला उभे करतो. लपायला जागा उरत नाही, ही कल्पना ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होते, आणि म्हणून ती पटते. त्यानंतरचे वाक्य मला सगळ्यांत मोठे वाटते. इतक्या उंचीवर गेलेला माणूस तत्त्वज्ञानात न रमता म्हणतो, की होय, सैतानालाही मी कायद्याचे संरक्षण देईन, माझ्या स्वतःच्या सुरक्षिततेखातर. हा समारोप भव्य शब्दांत केला असता तर ते भाषण झाले असते. व्यवहारी, जवळजवळ घरगुती शब्दांत केल्यामुळे ते एका वकिलाचे, एका बापाचे आणि एका घाबरलेल्या तरीही स्थिर राहिलेल्या माणसाचे बोलणे झाले.

दुसरे उदाहरण जेन ऑस्टिनच्या 'परस्वेजन' या कादंबरीतल्या तेविसाव्या प्रकरणाचे. बाथ शहरातल्या एका खाणावळीच्या खोलीत कादंबरीची नायिका ॲन एलियट आणि कॅप्टन हार्व्हिल बोलत उभे आहेत. स्त्री आणि पुरुष यांच्यात प्रेमाला जास्त काळ धरून कोण राहते, असा वाद आहे. जवळच एका टेबलापाशी कॅप्टन वेंटवर्थ पत्र लिहीत बसला आहे. साडेआठ वर्षांपूर्वी ॲनने दुसऱ्यांच्या सल्ल्याने त्याच्याशी ठरलेले लग्न मोडले होते. हार्व्हिल म्हणतो, की सगळी पुस्तके, गाणी आणि म्हणी स्त्रियांच्या चंचलतेविषयी बोलतात, आणि मग स्वतःच पुस्ती जोडतो, की ही सगळी पुरुषांनी लिहिलेली आहेत असे तुम्ही म्हणाल. ॲनचे उत्तर सौम्य पण ठाम आहे: स्वतःची कहाणी सांगण्याची प्रत्येक सोय पुरुषांना मिळाली, लेखणी त्यांच्या हातात होती, म्हणून पुस्तकांनी काही सिद्ध होते हे मी मानणार नाही. या संभाषणाच्या दरम्यान वेंटवर्थच्या हातातली लेखणी खाली पडते. लेखिका त्याकडे बोट दाखवत नाही. ज्याला दिसायचे त्याला दिसते.

मग वेंटवर्थ तिच्यासाठी जे पत्र ठेवून जातो, त्यात एक वाक्य आहे: 'अनजस्ट आय मे हॅव बीन, वीक अँड रिझेंटफुल आय हॅव बीन, बट नेव्हर इनकॉन्स्टंट.' मी अन्यायी असेन कदाचित, दुबळा आणि मनात डूख धरणारा होतोच, पण अस्थिर कधीच नव्हतो. पहिल्या तुकड्यात 'मे' आहे, म्हणजे आरोप अजून अर्धवट मान्य आहे. दुसऱ्यात तो 'मे' गळून पडला आहे आणि कबुली पूर्ण झाली आहे. तिसऱ्यात क्रियापदच उरलेले नाही. मोठ्या अहंकाराचा एक नौदल अधिकारी तीन पावलांत निःशस्त्र होतो, आणि हे सगळे व्याकरणाने घडवून आणले आहे. पुढच्या एका ओळीत तो म्हणतो, की मला लिहिता येत नाही, क्षणाक्षणाला काहीतरी कानावर येऊन मला भारून टाकते आहे. याचा अर्थ ॲन बोलत असतानाच तो लिहितो आहे, तिचे शब्द त्याच्या वाक्यांत येऊन धडकत आहेत. जुलै १८१६ मध्ये ऑस्टिनने या कादंबरीचा वेगळा शेवट लिहून पूर्ण केला होता, ज्यात हे पत्र नव्हते. तो तिला पटला नाही आणि तिने पुन्हा लिहायला घेतले. रद्द केलेल्या त्या दोन प्रकरणांचे हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आजही आहे. पुढच्या वर्षी, जुलै १८१७ मध्ये ती गेली. प्रकृती खालावत चाललेली असताना 'हे पुरेसे नाही' असे म्हणून पुन्हा लेखणी उचलणाऱ्या या बाईंविषयी मला नितांत आदर वाटतो.

तिसरे उदाहरण डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'चे, जी मासिक हप्त्यांत मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ या काळात निघाली. तिचे पहिले वाक्य एका शब्दाचे आहे: 'लंडन.' त्यापुढचे धुक्याचे वर्णन सर्वश्रुत आहे. नदीच्या वरच्या अंगाला धुके, खालच्या अंगाला धुके, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत आणि घशात धुके, आणि जहाजावरच्या कुडकुडणाऱ्या पोरसवदा उमेदवाराच्या बोटांना निर्दयपणे चिमटे काढणारे धुके. या परिच्छेदांच्या मुख्य वाक्यांना पूर्ण क्रियापदेच नाहीत. काही घडत नाही, काही सुटत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या न सुटणाऱ्या खटल्याची ही कादंबरी आहे. पण मला खरी हलवून सोडते ती सत्तेचाळिसाव्या प्रकरणातली झाडूवाल्या जो या अनाथ पोराच्या मृत्यूची जागा. डॉक्टर त्याच्याकडून प्रार्थना म्हणवून घेत असतो, ती अर्ध्यावरच राहते, आणि डिकन्स कथा सोडून थेट वर पाहतो: मेला, महाराणी सरकार. मेला, लॉर्ड आणि सभ्य गृहस्थहो. धर्मगुरूंना, मग स्त्री-पुरुष सगळ्यांना एकेक करून तो हाक मारतो आणि संपवतो ते असे, की आणि रोज आपल्या आजूबाजूला असेच मरत आहेत. त्या शेवटच्या तुकड्यात डिकन्स 'तुमच्या' म्हणत नाही, 'आपल्या' म्हणतो.

मिल्टनविषयी फक्त एवढेच लिहिते, की १६६७ च्या 'पॅराडाइज लॉस्ट'चे पहिले वाक्य सोळा ओळींचे आहे आणि त्याचे मुख्य क्रियापद सहाव्या ओळीत येते. दृष्टी गेलेल्या माणसाने दुसऱ्याला सांगून लिहवलेले हे काव्य आहे. वाक्य डोळ्यांपुढे नसताना ते इतका वेळ मनात तोलून धरणे ही मला अचाट गोष्ट वाटते.

तुमच्या मनात कोणती वाक्ये, कोणते संवाद असे रुतून बसले आहेत? नुसती नावे न देता, त्या जागेत नेमके काय आवडते तेही लिहावे, अशी विनंती.

कृष्णाकाठ

शब्दवेल्हाळ, फार मन लावून लिहिले आहे तुम्ही. मोरच्या संवादात 'झाड' हा शब्द नाही, हे इतक्या वेळा पाहूनही माझ्या लक्षात आले नव्हते.

माझ्याकडून शेक्सपियरचे 'ज्युलियस सीझर'. १९५३ साली जोसेफ मँकिविझने केलेल्या चित्रपटात मार्लन ब्रँडो अँटनी होता, जेम्स मेसन ब्रूटस आणि जॉन गीलगुड कॅसियस. सीझरच्या हत्येनंतर जमावापुढे आधी मारेकऱ्यांपैकी एक असलेला ब्रूटस बोलतो आणि मग सीझरचा मित्र अँटनी. ब्रूटस गद्यात बोलतो आणि अँटनी पद्यात, हा भेद शेक्सपियरने मुद्दाम केला आहे. ब्रूटसची वाक्ये आखीवरेखीव, समतोल आणि तर्कशुद्ध आहेत, आणि लोकांना ती पटतातही. पण ती डोक्याला पटतात. अँटनीची सुरुवातच पाहा: 'फ्रेंड्स, रोमन्स, कंट्रीमेन.' इंग्रजी उच्चारात पहिल्या शब्दात एक अवयव (सिलॅबल), दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात तीन. गोंगाट करणाऱ्या जमावावर आवाज पसरत जावा तशी ती हाक रुंदावत जाते. त्यानंतर तो म्हणतो, की मी सीझरला पुरायला आलो आहे, त्याची स्तुती करायला नव्हे. पुढचे सगळे भाषण म्हणजे ती स्तुतीच आहे.

'ब्रूटस सन्माननीय माणूस आहे' हे पालुपद तो अनेकदा म्हणतो. शब्द जवळपास तेच राहतात, फक्त प्रत्येक वेळी त्याच्या आधी सीझरच्या औदार्याचा एक नवा पुरावा येऊन बसतो आणि त्या वजनाने 'सन्माननीय' हा शब्द हळूहळू उलटा होतो. ब्रूटसविरुद्ध एकही वावगा शब्द न उच्चारता तो त्याला संपवतो. मग तो थांबतो. माझे हृदय त्या शवपेटीत सीझरपाशी आहे, ते परत येईपर्यंत मला थांबले पाहिजे, असे म्हणून तो लोकांकडे पाठ करतो, आणि कॅमेरा आपल्याला ब्रँडोचा चेहरा दाखवतो. त्या चेहऱ्यावर दुःख आहे आणि हिशेबही आहे.

म्हणूनच तुमच्या मांडणीला माझी एक पुरवणी आहे. बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागते तेव्हाच भाषा थोर होते, असा तुमच्या लेखाचा सूर आहे. अँटनीच्या भाषणाची किंमत दुसऱ्यांनी मोजली. नाटकात लगेच पुढच्या प्रवेशात हाच जमाव सिन्ना नावाच्या एका निरपराध कवीला, केवळ त्याचे नाव एका कटवाल्यासारखे आहे म्हणून, फाडून टाकतो. शेक्सपियरने ते भाषण आणि तो खून शेजारी शेजारी ठेवले आहेत.

पिंपळपान

मला बोलण्याच्या नव्हे तर लपण्याच्या भाषेविषयी लिहायचे आहे. काझुओ इशिगुरोची 'द रिमेन्स ऑफ द डे' ही कादंबरी १९८९ साली आली आणि तिला बुकर पारितोषिक मिळाले. तिचा निवेदक स्टीव्हन्स हा एका उमरावाच्या वाड्याचा बटलर आहे आणि त्याची इंग्रजी निर्दोष, इस्त्री केलेली, कुठेही सुरकुती नसलेली आहे. स्वतःविषयी बोलतानाही तो 'मी' टाळून तिऱ्हाइतासारखे बोलतो. तुमच्या सगळ्या उदाहरणांत माणूस वाक्याच्या जोरावर स्वतःला उघडे करतो. इथे माणूस वाक्याच्या मागे आयुष्य घालवतो.

एक प्रसंग तर या धाग्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. एका संध्याकाळी गृहव्यवस्थापिका मिस केंटन त्याच्या खोलीत येते आणि तो काय वाचतो आहे ते विचारते. तो पुस्तक छातीशी धरून सांगत नाही. ती एकेक बोट सोडवून ते काढून घेते आणि पाहते, तर ती एक साधी, भावुक प्रेमकथा असते. तो तिला सांगतो, की इंग्रजी भाषेवरचे प्रभुत्व वाढवण्यासाठी आपण अशी पुस्तके वाचतो. १९९३ च्या चित्रपटात अँथनी हॉपकिन्स आणि एमा थॉम्पसन यांनी हा प्रसंग जवळजवळ कुजबुजत केला आहे, आणि दोघांचे चेहरे इतके जवळ आहेत की श्वास ऐकू यावा. भाषेवर प्रभुत्व आहे, आणि जे एक वाक्य बोलायला हवे ते येत नाही. कादंबरीच्या अखेरीस, फार उशिरा, ही इस्त्री एकदाच मोडते. तो लिहितो, की त्या क्षणी माझे काळीज तुटत होते, हे मी का कबूल करू नये? जवळजवळ कादंबरीभर राखलेल्या संयमामुळे ते साधे वाक्य सहन होत नाही.

जाता जाता आपल्या जवळची एक गोष्ट. इतक्या अस्सल इंग्रजी वळणाचा हा चित्रपट ज्यांनी केला, त्यांतले निर्माते इस्माईल मर्चंट मुंबईत जन्मलेले होते, आणि पटकथालेखिका रूथ प्रावर झाबवाला जर्मनीत जन्मून, लग्नानंतर दिल्लीत दोन दशकांहून अधिक काळ राहिलेल्या होत्या. इशिगुरो स्वतः नागासाकीत जन्मले. या भाषेवर कुणाची जन्मजात मालकी नसते, याचा मला मोठा दिलासा वाटतो.

शब्दवेल्हाळ

कृष्णाकाठ, तुमची पुरवणी मला मनापासून मान्य आहे, किंबहुना ती माझ्या लेखात यायला हवी होती. अँटनीचे भाषण आवडते आणि त्याची भीतीही वाटते; मी ते पाठ करते तेव्हा शेवटाकडे माझाच आवाज चढू लागतो आणि मी थबकते. पण एक फरक मला दिसतो. अँटनीच्या ऐकणाऱ्यांना प्रश्न विचारायला जागा नाही. मोरच्या ऐकणाऱ्याला, म्हणजे रोपरला, आहे. तो मधे बोलतो, अडवतो, विरोध करतो, आणि मोरचे सर्वोत्तम वाक्य त्या विरोधातूनच जन्मते. मला ज्या भाषेची ओढ आहे ती बहुधा दोन माणसांमधली आहे, चौथऱ्यावरून खाली येणारी नाही.

पिंपळपान, स्टीव्हन्सविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते वाचून मी रात्री पुन्हा तो प्रसंग पाहिला. थॉम्पसनच्या बोलण्यात वाक्ये आखूड होत जातात आणि हॉपकिन्सची लांब, हे या वेळी जाणवले.

नाट्यवेडा

या विषयात बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'चा उल्लेख व्हायलाच हवा, कारण चांगली इंग्रजी कुणाची, हा त्या नाटकाचा गाभाच आहे. १९१३ साली ते प्रथम व्हिएन्नात जर्मन भाषेत झाले आणि १९१४ साली लंडनला इंग्रजीत. १९३८ च्या चित्रपटाच्या पटकथेसाठी शॉला ऑस्कर मिळाले. सगळ्यांना आठवतो तो एलायझा या फुलवालीला उच्चार शिकवण्याचा भाग. मला आवडतो तो एलायझाचा बाप, कचरा उचलणारा आल्फ्रेड डूलिटल. मुलीच्या बदल्यात पैसे मागायला आलेला हा माणूस म्हणतो, 'आय'म विलिंग टु टेल यू, आय'म वाँटिंग टु टेल यू, आय'म वेटिंग टु टेल यू.' ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स ते ऐकून थक्क होतो आणि मित्राला सांगतो, की या माणसाला वक्तृत्वाची उपजत देणगी आहे. उच्चार गावंढळ, व्याकरण मोडके, आणि लय मात्र अशी की प्राध्यापकाने दाद द्यावी. तिन्ही तुकडे एकाच मापाचे आहेत आणि प्रत्येक तुकड्यात आतुरता एक पायरी चढते.

एलायझाचेही तसेच. हिगिन्सच्या आईच्या घरी पाहुण्यांपुढे शुद्ध उच्चारात हवामानाविषयी बोलते तेव्हा ती पोपटासारखी वाटते. अखेरीस ती हिगिन्सच्या त्या मित्राला, कर्नल पिकरिंगला सांगते, की फुलवाली आणि सभ्य स्त्री यांतला फरक ती कशी वागते यात नसतो, तिला कसे वागवले जाते यात असतो, तेव्हा ते बोलणे तिचे स्वतःचे असते.

पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली 'ती फुलराणी' लिहिले तेव्हा त्यांनी हे अचूक ओळखले होते, असे मला वाटते. भक्ती बर्वे यांचे 'तुला शिकवीन चांगलाच धडा' ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवेल, की त्या स्वगतात शुद्ध मराठी कुठेच नाही आणि तरी त्याची लय एखाद्या पोवाड्याइतकी पक्की आहे. शॉच्या नाटकातली कल्पना दुसऱ्या भाषेत नेताना त्यांनी शब्द नेले नाहीत, ऐट आणि संताप नेला.

पोटोमॅककर

गेली काही वर्षे मी वॉशिंग्टनजवळ राहतो. लिंकन स्मारकाच्या आत दोन भिंतींवर त्याची दोन भाषणे कोरलेली आहेत, १८६३ चे गेटिसबर्गचे आणि मार्च १८६५ च्या दुसऱ्या शपथविधीचे. लोक पहिल्यापुढे गर्दी करतात. मी नेहमी दुसऱ्यापुढे उभा राहतो. त्यात यादवी कशी सुरू झाली ते सांगताना तो म्हणतो, की युद्ध दोन्ही पक्षांना नको होते, पण एक पक्ष राष्ट्र टिकू देण्यापेक्षा युद्ध करायला तयार होता, आणि दुसरा राष्ट्र नष्ट होऊ देण्यापेक्षा युद्ध स्वीकारायला तयार होता. या लांब, तोललेल्या वाक्यानंतर चार एकावयवी शब्द येतात: 'अँड द वॉर केम.' आम्ही लढलो असे नाही, त्यांनी हल्ला केला असेही नाही. युद्ध आले. विजय डोळ्यांपुढे दिसत असताना त्याने शत्रूला कर्ता होऊ दिले नाही.

२०१२ च्या 'लिंकन' चित्रपटात स्पीलबर्गने या दोन्ही भाषणांचा उपयोग फार समजून केला आहे. गेटिसबर्गचे भाषण लिंकनच्या तोंडी येतच नाही. सुरुवातीला सैनिक ते त्यालाच म्हणून दाखवतात, अर्ध्यावर अडखळतात, आणि एक कृष्णवर्णीय सैनिक पाठ फिरवून चालता चालता शेवटच्या ओळी पूर्ण करतो. भाषण ज्याने केले तो ऐकत बसलेला असतो.

नवखा_वाचक

सर्वांचे लेखन दोनदा वाचले. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे आणि इंग्रजी कामापुरती उत्तम येते. पण असे संवाद पाहताना अर्थ उपशीर्षकांतून कळतो आणि सौंदर्य निसटून जाते. जुन्या कादंबऱ्यांत पहिल्या पानावरच दमछाक होते. सुरुवात कुठून आणि कशी करावी?

शब्दवेल्हाळ

नवखा_वाचक, माझेही शिक्षण मराठीतूनच झाले, म्हणून मला जे उपयोगी पडले तेच सांगते. डिकन्सपासून सुरुवात करू नका. गेटिसबर्गच्या भाषणापासून करा. ते जेमतेम २७० शब्दांचे आहे आणि आठवडाभरात पाठ होते. पाठ झाल्यावर मगच त्याची लय कळते, कारण श्वास कुठे घ्यायचा हे तोंडाला समजलेले असते. चित्रपटाच्या बाबतीत, इंग्रजी उपशीर्षके लावून प्रसंग एकदा पाहा, मग ती बंद करून पडद्याकडे न बघता नुसता ऐका. संपूर्ण चित्रपट असा पाहण्याची गरज नाही. मोर आणि रोपर यांचा प्रसंग काही मिनिटांचाच आहे.

कादंबऱ्यांसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ऑस्टिन आणि डिकन्स यांची पुस्तके मोफत आहेत आणि लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली ध्वनिमुद्रणेही मोफत आहेत. पुस्तक समोर ठेवून ऐकत गेलात तर लांब वाक्यातली अर्धविरामांची ठिकाणे आवाजानेच उलगडतात. 'परस्वेजन' ही ऑस्टिनची आटोपशीर कादंबरी आहे, ती आधी घ्या. पहिली तीन-चार प्रकरणे संथ आहेत, तिथे सोडू नका. शब्दकोश दर ओळीला उघडू नका. परिच्छेद संपल्यावर जो शब्द मनात अडून राहिला असेल तेवढाच पाहा.

कृष्णाकाठ

मोरकडे परत येतो, कारण त्या चित्रपटातली एक गोष्ट अजून कुणी लिहिलेली नाही. इतका सुंदर बोलणारा हा माणूस चित्रपटाचा उत्तरार्ध जवळजवळ गप्प राहून काढतो. राजाच्या लग्नाविषयी तो होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. खटल्यात राजाचा मंत्री क्रॉमवेल म्हणतो, की या मौनाचा अर्थ साऱ्या जगाला कळतो. मोर कायद्याचे वचन पुढे करतो: मौन म्हणजे संमती, तेव्हा माझ्या मौनाचा अर्थ लावायचाच असेल तर मी संमती दिली असा लावा. जग खरेच असा अर्थ लावते का, असे क्रॉमवेल विचारतो. मोर म्हणतो, जगाने आपल्या बुद्धीप्रमाणे अर्थ लावावा. या न्यायालयाने कायद्याप्रमाणे लावला पाहिजे. मघाशी रोपरला ज्या कायद्याविषयी तो सांगत होता, त्याच्याच आडोशाला तो आता उभा आहे.

मग तोच रिचर्ड रिच साक्षीला येतो आणि धडधडीत खोटी साक्ष देतो. मोरला कळून चुकते की आपण संपलो. रिच जाऊ लागतो तेव्हा त्याच्या गळ्यातल्या अधिकारपदाच्या साखळीकडे मोरचे लक्ष जाते. तो ती हातात घेऊन पाहतो आणि चौकशी करतो. वेल्सचा महान्यायवादी म्हणून रिचची नेमणूक झाली आहे, असे त्याला सांगितले जाते. साऱ्या जगाच्या मोबदल्यात आत्मा विकूनही माणसाच्या हाती काही लागत नाही, हे बायबलातले वचन तो त्याला ऐकवतो आणि पुढे फक्त एवढेच विचारतो: पण वेल्ससाठी? स्कोफील्डने हे म्हणताना आवाज जराही चढवलेला नाही. त्यात तिरस्कार नाही. आपल्याकडे कधीकाळी नोकरी मागायला आलेल्या त्या मुलाविषयीची कीव आहे, आणि म्हणून रिचला मान वर करता येत नाही.